नांवाजवळचा आंकडा

पनवेलला लागून असलेल्या करंजाडे गांवाच्या शिवारांत आज उंच इमारतींची वसाहत उभी आहे. नवी मुंबईसाठीं १९७० पासून या भागांतील शेतजमिनी संपादन झाल्या, आणि जमीन गेलेल्या कुटुंबांना पुढें साडेबारा टक्के योजनेखालीं विकसित भूखंड देऊं करण्यांत आले. अशा भूखंडावर हक्क सांगणाऱ्या वारसास प्रथम एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें : पूर्वजाचें नांव त्या जमिनीवर केव्हां आणि कशानें लागलें?

हें उत्तर सात-बाराच्या उताऱ्यावर नसतें. त्याचा माग मात्र तेथें असतो. खातेदाराच्या नांवाजवळ एक लहानसा आंकडा लिहिलेला आढळतो. पुष्कळांची दृष्टि त्यावरून निसटते. तो फेरफाराचा क्रमांक होय. तो घेऊन गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडली कीं कळतें : हक्क खरेदीनें आला कीं वारशानें, वांटणीनें कीं न्यायालयाच्या हुकुमानें, तो कोणत्या भूमापन क्रमांकांस लागू झाला, आणि नोंद कोणी प्रमाणित केली. तलाठ्यानें (२०२४ पासून त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नुसतें लिहून भागत नाहीं. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधीयांना कळविलें जातें, हरकत आल्यास ती निराळ्या वहींत चढते, आणि मग वरिष्ठाची सही होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हा क्रम घालून दिला आहे. जुनें नांवही पुसून टाकीत नाहींत. त्यास पूर्वीं कंस करीत असत.

संगणकांतील माहितीचें कूळ नोंदण्यासाठीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१३ सालीं 'प्रॉव्ह' नांवाचे मानदंड प्रसिद्ध केले. त्यांचा गाभा तीन गोष्टींचा आहे : वस्तु, तिला घडविणारी क्रिया, आणि त्या क्रियेस जबाबदार असलेला कर्ता. उतारा, फेरफार व अधिकारी या त्रयीशीं परिचय असलेल्यास त्यांत नवल वाटूं नये.

तथापि फेरफाराची नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानावयाची असते. वारसनोंदींत बहिणींचीं नांवें गाळलेलीं सांपडतात. खालीं सही असली तरी तेवढ्यानें त्यांचा हक्क बुडत नाहीं. क्रमांक हातीं असेल तर नांव कोणत्या नोंदीच्या वेळीं गळालें हें बहिणीस दाखवितां येतें. तो नसेल तर अपील कोणत्या नोंदीविरुद्ध करावयाचें येथूनच अडचण सुरू होते.