पेशींचे वय आणि पक्षाघात

एखाद्याचे तोंड अकस्मात वाकडे झाले, हात लुळा पडला, की 'अंगावरून वारे गेले' असे आपल्याकडे म्हणतात. गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यातही हाच शब्दप्रयोग ऐकू येतो. वास्तविक हा दोष वाऱ्याचा नव्हे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागातील पेशी मरू लागतात. वयाबरोबर हा धोका वाढतो हे सर्वश्रुत आहे. परंतु एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांची शरीरे सारखीच झिजलेली नसतात. तेव्हा ही झीज मोजावी तरी कशी?

पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' नावाचा संरक्षक भाग असतो. दोराचा पीळ उलगडू नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तसेच त्याचे कार्य होय. पेशीच्या प्रत्येक विभाजनागणिक तो थोडा आखूड होतो व फारच आखूड झाला की पेशीचे विभाजन थांबते. या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर आखूड असलेल्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण अधिक असल्याचे काही पाहण्यांत दिसले, काहींत दिसले नाही. धूम्रपान व स्थूलपणा यांच्याशीही आखूडपणाचा संबंध आढळतो. आनुवंशिकतेच्या आधारे झालेल्या अभ्यासांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराशी असलेला संबंध बराच स्पष्ट झाला. पक्षाघाताबाबत मात्र पुरावा दुबळाच राहिला. शिवाय टेलोमिअर लांब असणे हेही निखळ वरदान नव्हे, कारण त्यामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो. सबब, अशा चाचणीवर ग्रामस्थांनी पैसा खर्च करावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत मात्र आता सोडावयास हवी. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात पाहणी केली. तीत नोंदलेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच ठरले, आणि यांतील बहुसंख्य रुग्ण घरीच दगावले.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण उच्च रक्तदाब होय. तो मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही; आरोग्य उपकेंद्रातील पट्टा पुरतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ही तपासणी शासकीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. अडचण पुढे येते. काही दुखत नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. ग्रामसभेत शिक्षकांनी व सदस्यांनी बोलावयाचे ते याविषयी, तसेच तंबाखूविषयी.

झटका आलाच तर तेलमालिशीत वेळ दवडू नये. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. भडगावहून पाचोरामार्गे जळगाव गाठण्याचा वेळ त्यातूनच वजा होतो. म्हणून तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. डॉक्टर प्रथम तेच विचारतात.