शाळेचे नियम आपल्या दिव्यांग लेकरालाही कळू द्या



गटाची बैठक रंगात आलेली असते, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब चाललेला असतो, आणि शाळेतून फोन येतो. “ताई, पोरगं ओरडतंय, मुलांना मारतंय. घरी घेऊन जा.” ज्या आईचं लेकरू बोलू शकत नाही किंवा ज्याला उशिरा समजतं, तिला हा फोन नवा नाही. ती बैठक सोडते, नाहीतर मजुरी बुडवते. आणि लेकरू काय शिकतं? दंगा केला की घरी जायला मिळतं!

यावर एक चांगली पद्धत आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला आकार दिला. सगळ्या शाळेसाठी तीन ते पाच सोपे नियम ठरवायचे. “हे करू नका” असं न सांगता “असं करू या” असं सांगायचं. उदाहरणार्थ, स्वतःला जपू, दुसऱ्याला जपू, शाळा जपू. हे नियम पाढ्यांसारखे शिकवायचे, करून दाखवायचे, आणि मुलाने पाळले की लगेच शाबासकी द्यायची.

पण गंमत अशी, की नियम सगळ्यांसाठी असूनही शाबासकी बोलक्या, चपळ मुलांनाच मिळते. दिव्यांग मूल कोपऱ्यात बसून राहतं. भिंतीवर लिहिलेला नियम त्याला वाचता येत नसेल, तर तो त्याचा नियम झालाच नाही. म्हणून नियमाचं चित्र काढा. हात धरून करून दाखवा. “शाळा जपू” म्हणजे एकासाठी वर्ग झाडणं असेल, तर चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीसाठी मांडीवरचा खडूचा डबा बाईंपर्यंत नेणं असेल. शाबासकीही ज्याला जशी आवडेल तशी द्या. टाळ्यांच्या आवाजाने काही मुलं घाबरतात, त्यांना पाठीवरचा हात किंवा हसरा चेहरा पुरतो.

आता मारण्या-ओरडण्याचं. ज्याला बोलता येत नाही, त्याचं वागणं हेच त्याचं बोलणं असतं. तीन गोष्टी वहीत लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. समजा, रोज खिचडीच्या रांगेतच ते ढकलतं. मग कदाचित गर्दी आणि गोंगाट सोसत नसेल. त्याला रांगेत सगळ्यांत आधी उभं करा. “मला थांबायचंय” सांगणारं चित्राचं कार्ड द्या, आणि ते कार्ड ओळखायला सगळ्या मुलांना शिकवा. कान दुखत असेल, पोट दुखत असेल, तेही बघा. लेकराच्या खाणाखुणा आईइतक्या कुणाला कळणार? ही माहिती गुरुजींना आपणच द्यायची.

हे उपकार म्हणून मागायचं नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे तिथे आपल्याच बाया आहेत!

समितीच्या पुढच्या सभेत एवढं विचारा:

1. शाळेचे नियम चित्रांत लावले आहेत का?
2. या महिन्यात दिव्यांग मुलांपैकी कुणाला शाबासकी मिळाली?
3. मूल किती वेळा लवकर घरी पाठवलं, आणि का? त्याची नोंद आहे का?
4. गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षकांना बोलावलं का?

आणि आपल्या गटात अशी आई असेल, तर तिला एकटीला सभेला पाठवू नका. दोघी-तिघी सोबत जा. कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतोच, मग लेकरासाठीही राहू या.