डिव्हिजनचा क्रमांक आणि शिपायांचा मुलूख

युद्धाच्या इतिहासात सैन्याची मोजदाद डिव्हिजनने होते. अमुक क्रमांकाची डिव्हिजन अमुक दिवशी अमुक नदी उतरली, असे वाक्य वाचताना दहा-पंधरा हजार माणसे एका आकड्यात सामावतात आणि ती कोठली होती हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याविषयी तर गणवेश एक म्हणून माणसेही एकाच मुलखाची, असा समज सहज होऊन बसतो. तो तपासून पाहण्यास उत्तर इटलीतील सेनियो ही लहानशी नदी फार सोयीची आहे. शिवाय अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे नाव त्या नदीशी जोडले गेलेले असल्याने मराठी वाचकास हा विषय अगदीच परका वाटू नये.

दिनांक ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने सेनियो ओलांडण्यास प्रारंभ केला. नदीच्या दोन्ही अंगांस उंच बांध, त्यांत जर्मनांची मशीनगनची ठाणी आणि भोवती सुरुंगांचे पट्टे होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातील निमज गावचा तेवीस वर्षांचा शिपाई कंपनीचा निरोप्या म्हणून पुढे होता. जखमी झालेल्या दोघा सोबत्यांना त्याने दोन खेपांत खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. नंतर तो एकटाच परतला आणि हाताला जखम झाली असतानाही तीन मशीनगन ठाणी त्याने बंद पाडली. याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधील अली हैदर या कोहाटकडील पठाण शिपायासही तोच बहुमान लाभला. मराठा, पठाण, पंजाबी आणि इंग्लंडमधील केंट परगण्याची पलटण, इतके मुलूख ‘आठ’ या एका आकड्याखाली एकत्र आले होते.

मग समोरच्या काठावर कोण होते? सेनियोच्या फळीवर जर्मनांच्या ९८ व ३६२ या क्रमांकांच्या पायदळ डिव्हिजन होत्या. हे आकडे मुके आहेत. परंतु त्यांमागची पद्धत मोठी बोलकी आहे. जर्मनीची विभागणी ‘वेअरक्राइस’ म्हणजे लष्करी भरतीच्या मंडलांत केलेली होती. प्रत्येक डिव्हिजन एका मंडलात उभी राही. लढाईत माणसे पडली की त्यांच्या जागी त्याच मंडलातील भरतीकेंद्रांतून नवी माणसे पाठविली जात. शेजारगावचा मनुष्य खंदकात शेजारी असला तर तो पाठ फिरवीत नाही, आणि जखमी होऊन घरी गेलेला शिपाई बरा झाल्यावर आपल्याच सोबत्यांत परततो, असा यामागील हिशेब होता. ९८ वी डिव्हिजन मूळची न्यूर्नबर्ग मंडलाची, म्हणजे फ्रँकोनियाकडील. इटलीतच लढलेली ३०५ वी कॉन्स्टन्स सरोवराच्या परिसरातील, तर ४४ वी व्हिएन्नाकडील ऑस्ट्रियनांची. या पद्धतीचा गुण तोच तिचा दोष. ४४ वी डिव्हिजन स्टालिनग्राडला नष्ट झाली तेव्हा एकाच मुलखातील घराघरांत एकाच वेळी दुःख कोसळले.

युद्ध लांबत गेले तशी ही मंडलांची शिस्त विसकटली. ९८ वी डिव्हिजन १९४४ च्या मे महिन्यात क्रिमियात धुळीस मिळाली आणि पुन्हा उभारली गेली. ३६२ वी तर १९४३ च्या अखेरीस इटलीतच, रशियाच्या आघाडीवर मोडलेल्या २६८ व्या डिव्हिजनच्या अवशेषांतून निर्माण झाली. जर्मनीने गिळंकृत केलेल्या पोलिश प्रांतांतील अनेक तरुणांना ‘जर्मन वंशाचे’ ठरवून सक्तीने भरती करण्यात आले. त्यांपैकी कित्येक इटलीत पकडले गेल्यावर वा फितून आल्यावर जनरल आंडर्स यांच्या पोलिश सैन्यात दाखल झाले व उलट दिशेने लढू लागले. सेनियोच्या फळीपासून फार दूर नसलेल्या कोमाक्किओ सरोवरापाशी त्याच महिन्यात जर्मनांची १६२ वी डिव्हिजन लढत होती. तिचे अधिकारी जर्मन. शिपाई मात्र सोव्हिएत युद्धकैद्यांतून निवडलेले तुर्कस्तानी, अझरबैजानी आणि जॉर्जियन. तिचा एके काळचा सेनापती ओस्कार फॉन नीडरमायर हा १९१५ साली राजा महेंद्रप्रताप यांच्यासमवेत हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेविरुद्ध अमिराचे साहाय्य मिळविण्यासाठी काबूलला गेलेला गृहस्थ होय! परकीयांच्या असंतोषातून सैन्य उभे करण्याची त्याची हौस जुनीच होती म्हणावयाची.

भारतीय सैन्यातील भरतीचे तत्त्व याहून निराळे. जर्मन रंगरुटाची पलटण त्याचे मंडल ठरवी. नगरच्या रंगरुटाची पलटण त्याचा ‘क्लास’ ठरवी. लष्करी दप्तरातील हा शब्द अर्थदृष्ट्या मोठा चमत्कारिक आहे. ‘क्लास’ म्हणजे वर्ग नव्हे, निव्वळ जात नव्हे, धर्मही नव्हे. ‘कोकणी मराठा’ यात प्रदेश व जात, ‘दख्खनी मुसलमान’ यात प्रदेश व धर्म, ‘शीख’ यात केवळ धर्म. अशा तीन निरनिराळ्या कसोट्या एकाच रकान्यात कोंबलेल्या आढळतात. परिणाम असा की एकाच पाटीलकीतील, एकाच विहिरीच्या वादात सापडलेली, एकच बोली बोलणारी दोन मुले भरतीच्या दारात वेगळी होत. मराठा मुलगा बेळगावच्या केंद्राकडे रवाना होई. महार मुलास कित्येक दशके दारच बंद होते. मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींत महारांची संख्या लक्षणीय असे. परंतु ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त प्रबळ झाल्यावर १८९२ मध्ये त्यांची भरती थांबली. पहिल्या महायुद्धात निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ मध्ये मोडण्यातही आली. पुढे डॉ. आंबेडकरांनी नेटाने मागणी लावून धरली व १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटचा जन्म झाला. शौर्य रक्तात असते, असे सांगणाऱ्या सिद्धान्तास माणसांची टंचाई पडताच रक्ताचा विसर पडतो, हे दोन्ही युद्धांत दिसून आले. बर्लिनमध्ये हाच विसर तुर्कस्तानी शिपायांच्या बाबतीत पडला. लंडन-दिल्लीत तो महारांच्या बाबतीत पडला.

या रकान्यांना छेद देणारा एक प्रयोग जर्मन सैन्यातच झाला, हे विशेष. उत्तर आफ्रिकेत हजारो भारतीय सैनिक बंदिवान झाले. १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुक पडले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही त्यांत होती. अशा युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने ‘आझाद हिंद’ पथक उभे राहिले. जर्मन दप्तरी ते ९५० वे पायदळ रेजिमेंट. येथे ‘क्लास’वार कंपन्या नव्हत्या. हिंदू, मुसलमान, शीख एकाच कंपनीत, एकाच पंक्तीस बसत. बर्लिनच्या आझाद हिंद केंद्राने १९४१ मध्येच हिंदुस्थानीस राष्ट्रभाषा ठरविले होते. हे पथक हॉलंड व फ्रान्सच्या किनाऱ्यावर ठेवले गेले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते ‘वाफेन एस्‌एस्‌’कडे, म्हणजे वंशशुद्धीचा सर्वांत कडक आग्रह धरणाऱ्या संघटनेकडे, वर्ग झाले. या विसंगतीवर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

भाषेच्या दृष्टीने पाहता दोन्ही बाजूंची अडचण सारखीच होती. १६२ व्या डिव्हिजनमध्ये जर्मन अधिकारी आणि तुर्की बोलींचे शिपाई यांच्यामध्ये दुभाषे उभे राहत. जॉर्जियन भाषा तर तुर्की कुळातीलच नसल्याने दुभाष्यांचे काम आणखी वाढे. भारतीय सैन्याने हा प्रश्न रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदुस्थानीने सोडविला होता. मराठा पलटणीत शिपाई आपसांत मराठी बोलत. हुकूम व शिकवणी हिंदुस्थानीत. ‘रंगरूट’ हा शब्द इंग्रजी ‘रिक्रूट’चे रूपांतर होऊन याच वाटेने खेड्यापाड्यांत पोहोचला. सेनियोच्या बांधावर चढून नामदेव जाधवाने मागच्या कंपन्यांना हात केला, तेव्हा त्याच्या मुखी मराठ्यांची रणगर्जना होती. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ या त्या गर्जनेतील दैवत महाराष्ट्राचे. मधला ‘की’ हा षष्ठीचा प्रत्यय मात्र हिंदुस्थानीचा आहे.