सूत्रधार दिसेनासा झाल्यावर : हायपरटेक्स्ट कथेतील काळ

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकातला सूत्रधार नांदी संपली म्हणून आत जात नसे. तो रंगभूमीवरच उभा राहून आख्यानाची पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. कुठे थांबायचे आणि एका पदात किती काळ ओलांडायचा, याचे सूत्र त्याच्याकडे असे. हायपरटेक्स्ट कथेत असा सूत्रधार डोळ्यांना दिसत नाही. वाचक पहिल्यांदा गोंधळतो तो याच ठिकाणी.

‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये रूढ केला. अशा कथेत मजकुराचे सुटे तुकडे संगणकावर असतात आणि ते दुव्यांनी जोडलेले असतात. एखाद्या शब्दावर बोट ठेवले की दुसरा तुकडा समोर येतो. पृष्ठक्रमांक नसतात. मायकेल जॉइस यांची १९८७ ची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही या प्रकारातली आद्य कृती मानली जाते. तिच्यात ५३९ तुकडे आणि नऊशेहून अधिक दुवे आहेत.

काळाची उलटापालट मराठी वाचकाला नवी नाही. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ ही संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली. तिथे घड्याळाचा काळ आणि मनाचा काळ वेगळे चालतात. परंतु पाने बांधलेली आहेत. मनाने घेतलेली उडी प्रत्येक वाचकाला त्याच जागी भेटते. म्हणजे छापील कादंबरीत दोन काळ असतात : घटना घडल्याचा आणि त्या सांगितल्याचा. हायपरटेक्स्टमध्ये यात तिसऱ्याची भर पडते, तो म्हणजे वाचकाने निवडलेल्या वाटेचा काळ.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये कथनकाळाची तीन अंगे मांडली : क्रम, अवधी आणि वारंवारता. यातले तिसरे अंग इथे फार उपयोगी पडते. वाचलेला तुकडा पुन्हा समोर आला, तर तीच घटना पुन्हा सांगितली जात आहे, की पात्राला ती पुन्हा आठवते आहे, की आपणच फिरून त्या जागी आलो आहोत? अक्षरे तीच असतात, पण दरम्यान आपण वाचलेले बदललेले असते. म्हणून अर्थ बदलतो.

‘क्रम वाचकाच्या मर्जीवर असेल, तर लेखकाने केले काय?’ असा आक्षेप साहित्यप्रेमी मित्र घेतात. त्याचे उत्तर याच कथेत आहे. पीटर नावाच्या माणसाने सकाळी रस्त्यावर अपघात पाहिलेला असतो. त्यात आपला मुलगा आणि घटस्फोटित पत्नी तर नसतील, या शंकेने त्याला घेरले आहे. त्या अपघाताला तो स्वतःच कारण असावा, अशी सूचना काही तुकड्यांत आहे. पण ठरावीक मजकूर वाचल्याखेरीज त्या तुकड्यांचे दुवे उघडत नाहीत; तशी अट लेखकाने घालून ठेवली आहे. वाचक इकडे तिकडे भटकतो तो वेळ आणि पीटर सत्य टाळतो तो वेळ, हे दोन्ही एकच होऊन जातात. सूत्रधार गेलेला नसतो. तो दुव्यांच्या अटींत लपलेला असतो.

पहिल्या वाचनात मी त्या तुकड्यांपर्यंत पोहोचलोच नाही आणि पीटरकडे केवळ दुःखी बाप म्हणून पाहून उठलो. पुढे वही घेऊन बसलो. तिच्यात तीन रकाने आखले : तुकडा कितवा वाचला, त्यातली घटना कथेत केव्हाची आणि वाचताना मला काय ठाऊक होते. तिसऱ्या रकान्याने डोळे उघडले. ज्या टेलिफोनच्या प्रसंगांत मला काळजी दिसली होती, त्यांतच आता टाळाटाळ दिसू लागली.

अशा कथेला शेवटचे पान नसते. वाटा पुन्हा पुन्हा त्याच जागी आणू लागल्या की वाचन संपले, असे जॉइस कथेतच सुचवतात. परंतु थांबायचे कुठे हे आपण ठरवतो, तेव्हा पात्राविषयीचा निवाडाही आपलाच होतो. तो देण्याआधी एकदा तरी वेगळ्या वाटेने जाऊन यावे.