बोटातला दोर आणि साखरेचं इंजेक्शन

सबमिशनच्या आठवड्यात जर्नलं लिहून बोट दुखलं आणि सबमिशन संपल्यावर थांबलं, तर काळजी नको. पण तीन-तीन महिने दुखणं हटत नसेल, सकाळी बादली उचलताना कळ येत असेल, तर प्रकरण वेगळं आहे.

मित्रांनो, बोट वाकवणारे स्नायू बोटात नसतातच! ते तळव्यात आणि कोपराखाली असतात. कोपराखालच्या स्नायूंची ओढ बोटापर्यंत नेणारा दोर म्हणजे टेंडन, अर्थात कंडरा. तो हाडाला धरून राहावा म्हणून बोटात छोट्या कड्या असतात. डॉक्टरही त्यांना 'पुली'च म्हणतात. दोर, पुली आणि पुन्हा पुन्हा येणारा लोड. मेकॅनिकलवाल्यांनी ओळखलं असेलच: फटीग!

फरक एवढाच, की हा दोर स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो. पण त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे काम संथ. लोड चालूच राहिला की दुरुस्ती अर्धवट राहते आणि कोलॅजेनचे धागे विस्कटतात.

रखडलेलं हे काम पुन्हा सुरू करायचं, ही 'प्रोलोथेरपी'मागची कल्पना. हे नाव अमेरिकन सर्जन जॉर्ज हॅकेट यांनी १९५०च्या दशकात रूढ केलं. डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचंच, साधारण १० ते २५ टक्के द्रावण दुखऱ्या जागी टोचतात. मुद्दाम थोडा दाह निर्माण करायचा, म्हणजे शरीर दुरुस्तीला धावेल. दुसरा प्रकार पीआरपी: आपलंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट्सचा दाट भाग टोचायचा.

पण थिअरी छान आहे म्हणून मशीन चालतंच असं नाही. टाचेच्या टेंडनवर पीआरपीच्या चाचण्या झाल्या. २०१० साली नेदरलँड्समध्ये ५४ रुग्ण, २०२१ साली ब्रिटनमध्ये २४०. दोन्हीकडे खोट्या उपचारापेक्षा पीआरपी सरस ठरलं नाही. बोटांच्या टेंडनबद्दल तर पुरावा आणखीच तोकडा.

म्हणून खिशात हात घालण्याआधी नेमकं निदान करून घ्या. वाकवलेलं बोट अडकून खटकन सुटत असेल, तर तो ट्रिगर फिंगर. त्यावर स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगलं पारखलेलं आहे. एरवी आधी लोड कमी करा, मग फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने व्यायाम हळूहळू वाढवा. बोट एकाएकी सुजलं, लाल-गरम झालं किंवा वाकेनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि इंजेक्शन घ्यायचंच ठरलं, तर डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "याचा पुरावा काय?" व्हायव्हात आपल्याला विचारतात, तसाच!