मार्चिंग स्नेअर ड्रम

• नेहमीचं माप : व्यास १४ इंच, खोली १२ इंच.

• वरचं पान : बहुधा केव्हलारच्या विणीचं, कमालीचं ताणलेलं. ताण देताना समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे फिरवतात.

• तारा : खालच्या पानाला टेकतात, करकरीत आवाज त्यांचाच. स्कॉटिश पाइप बँडच्या ड्रममध्ये वरच्या पानाखालीही तारा.

• पारंपरिक पकड : उजवी काठी वरून धरलेली, डावी अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात, तळहात वर. पूर्वी पट्ट्याने अडकवलेला ड्रम तिरका लटके, त्यातून ही पकड आली. आता हार्नेसवर ड्रम सपाट बसतो. पकड मात्र अनेक पथकांत तीच.

• रुडिमेंट : सरावाचे मूलभूत बोल. अमेरिकेच्या प्रमाणित यादीत आधी २६, आता ४०.