डोंगराआडचा जालना

इगतपुरी आणि जालना जवळजवळ एकाच अक्षांशावर. मधलं अंतर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जालन्यात जेमतेम ७००. हा फरक मुख्यतः सह्याद्रीमुळे पडतो.

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे घाटाला अडून वर चढतात. वर दाब कमी असल्याने हवा पसरते, थंड होते आणि पाऊस घाटमाथ्यावरच रिता होतो. पूर्वेकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. या पर्जन्यछायेला बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे थोडा उतारा देतात. म्हणूनच मराठवाड्यात नांदेडकडे जावं तसा पाऊस वाढतो.

सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची उचललेली कड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचले. पुढे पश्चिमेकडून सेशेल्सचा भूभाग तुटून गेला, कड वर आली आणि पठार पूर्वेला कललं. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्र जवळ असूनही पूर्वेला वाहते, ती या उतारामुळेच.

हिमालय आणि तिबेटच्या उंचावण्याने हेच खंडाच्या पातळीवर घडवलं. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि अँथनी ब्रोकोली यांनी १९९० साली संगणकावरच्या प्रारूपातून डोंगर काढून पाहिले, तेव्हा मध्य आशियातला कोरडेपणा बराच ओसरला. उंच डोंगर बाष्प अडवतातच, शिवाय वरच्या वाऱ्यांच्या वाटाही वळवतात. त्यामुळे दूरवर कोरडी हवा खाली उतरत राहते.

जालन्याची अडचण दुहेरी आहे. ज्या लाव्ह्याची कड पाऊस अडवते, त्याचाच काळा पाषाण इथल्या विहिरींच्या तळाशी आहे. पाणी साठतं ते मुख्यतः मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात जवळपास नाहीच. २०१२ मध्ये पाऊस हुकला आणि जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या.

याच जिल्ह्यातल्या कडवंचीने १९९६च्या सुमारास पाणलोटाची कामं हाती घेतली. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि गाव द्राक्षांसाठी ओळखलं जाऊ लागलं. पाऊस तेवढाच होता, तो मुरवला आणि साठवला गेला.

पर्जन्यछाया कोट्यवधी वर्षांची आहे. पीक, तळी आणि विहिरींचा हिशेब ती गृहीत धरूनच मांडायला हवा. टँकर लागल्यावर जागं होणारं नियोजन या भूगोलात टिकणार नाही.